सहा नंबरची पोरगी

"माझ्या पोरी मी पाठमोऱ्या ओळखतो," असं मास्तर दिवसातून एकदा तरी म्हणायचेच. फुटबॉल क्लबात नवीन आलेल्या फिजिओला म्हणाले, मैदानावरचं गवत कापणाऱ्याला म्हणाले, टपाल घेऊन आलेल्या पोस्टमनलाही सोडलं नाही. चोवीस वर्षं क्लबचा युवा संघ सांभाळलेला माणूस. आधी तेरा वर्षं मुलांचा, मग अकरा वर्षं मुलींचा. एवढी वर्षं झाल्यावर माणसाला थोडी फुशारकी शोभते, असं सगळे धरून चालले होते. कुणी वेळीच हटकलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, पण मास्तरांना हटकणार कोण?

त्यातल्या त्यात लाडकी होती खारूताई. खरं नाव फक्त नोंदणीच्या कागदावर उरलेलं. अंगानं काडी, पायात भिंगरी, आणि हसली की गाल असे फुगायचे की आत काहीतरी साठवून ठेवलंय असं वाटावं. तिची आई क्लबच्याच धुलाईच्या खोलीत कामाला. सगळ्या संघांचे कपडे तिच्या हातून धुऊन, वाळून, इस्त्री होऊन जायचे. शाळा सुटली की पोरगी तिथेच मळक्या शर्टांच्या ढिगावर बसून अभ्यास करायची. नऊ वर्षांची असताना एकदा ती मोज्यांचा बोळा करून भिंतीवर मारत बसली होती, डाव्या पायानं, पन्नासच्या वर वेळा, एकदाही खाली न पाडता. मास्तर आपला हरवलेला मोजा शोधायला गेले होते. मोजा राहिला बाजूला, पोरीला हाताला धरून मैदानावर घेऊन आले.

तेव्हापासून ती मास्तरांची. मधल्या फळीत, सहा नंबरचा शर्ट, कमरेपर्यंत लांब वेणी. पळताना वेणी एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मास्तर म्हणायचे, मला शिट्टी वाजवायची गरज नाही, मी वेणी बघतो.

मग क्लबात नवे संचालक आले. वय छत्तीस. कधीकाळी मास्तरांच्याच हाताखाली मुलांच्या संघात खेळलेला पोरगा. एकांतात मास्तर त्याला अरेतुरे करत, चारचौघांत साहेब म्हणत. साहेबाचं म्हणणं सरळ होतं. अठरा झाली की पोरीला युवा संघात ठेवून उपयोग नाही, एक हंगाम एखाद्या छोट्या क्लबाकडे लोनवर पाठवायचं, मोठ्या बायकांमध्ये खेळू द्यायचं.

"इथे हरल्या तर पोरी गाडीत गाणी म्हणत घरी येतात, मास्तर. तिथे हरलं तर पुढच्या वर्षी क्लब राहील की नाही याची धास्ती असते. त्या धास्तीत खेळायला शिकलं पाहिजे."

"शिकवणार कोण तिथे?" मास्तर फणकारायचे. "बाकावर बसवतील, बाटल्या भरायला लावतील, आणि वर्षानं परत पाठवतील. येत होतं तेवढंही विसरून येईल पोरगी."

दोन वर्षं ही खडाजंगी चालली. शेवटी सही साहेबाची, त्यामुळे जिंकला साहेब. एकोणीस पूर्ण व्हायच्या आत खारूताई दोन तासांवरच्या एका छोट्या क्लबाकडे गेली. निघायच्या दिवशी तिच्या आईनं मास्तरांना विचारलं, "उसनी दिली म्हणजे परत करतील ना हो? नाहीतर शेजारचे वाटीभर साखर नेतात आणि वाटीसकट विसरतात." सगळे खो खो हसले. तेव्हापासून लोनवर गेलेल्या पोरींना क्लबात 'उसन्या' म्हणायला लागले.

उसनी परत घ्यायची की नाही, हे ठरायचं एका कागदावर. हंगाम संपता संपता आपला माणूस तिथे न कळवता जायचा, एक सामना बघायचा, आणि अहवाल लिहायचा. त्यावरून एक तर पोरीला मोठ्या संघात घ्यायचं, नाही तर मोकळं करायचं. मोकळं करणं हा आपला गोड शब्द झाला, साध्या भाषेत त्याला हाकलणं म्हणतात. खारूताईच्या वेळी साहेब म्हणाला, "मास्तर, तुम्हीच जा. ज्याचा विरोध, त्याच्याच डोळ्यांनी होऊन जाऊ दे." तिथल्या प्रशिक्षक बाई दर महिन्याला एक ओळ पाठवत, 'छान खेळते, काळजी नसावी', त्यात काही अर्थ नव्हता. पोरीचं काय व्हायचं ते मास्तरांच्या शब्दावर.

तर त्या रविवारी मास्तर गेले. रस्ता चुकल्यामुळे दहा मिनिटं उशिरा पोचले. फाटकापाशी टेबल टाकून एक बाई बसली होती, तिनं खेळाडूंची यादी पुढे केली.

"कागद कशाला?" मास्तर म्हणाले. "मी माझी पोरगी बघायला आलोय."

गुडघा दुखत होता म्हणून ते मैदानाच्या पलीकडे, मागच्या सावलीतल्या बाकावर जाऊन बसले. बसल्या बसल्या सहा नंबर दिसला, लांब वेणी दिसली. झालं! मास्तरांनी वही उघडली.

आणि काय सांगावं, सहा नंबरचं सगळंच बिघडलेलं होतं. पहिल्या स्पर्शालाच चेंडू तीन हात लांब. मागे कोण येतंय ते वळून बघणं नाही. पास चुकला की कमरेवर हात ठेवून उभी. मास्तरांना वाईट वाटलं. आता खोटं कशाला बोला, जरा बरंही वाटलं. बघा, सांगत होतो ना! ते भराभर लिहीत सुटले. बघायला गेलेला माणूस वेगळा आणि पुरावा गोळा करायला गेलेला वेगळा. मास्तर दुसरे होते, आणि त्यांचं त्यांना ठाऊक नव्हतं. मध्यंतरानंतर त्यांनी हात वर करून टपरीवाल्याला आणखी एक चहा सांगितला, तो संपवला, आणि पुढे रस्त्यावर गर्दी होईल म्हणून सामना संपायच्या अर्धा तास आधीच निघाले.

घरी जेवणाच्या टेबलावर अहवाल लिहायला बसले. बायकोनं समोर येऊन विचारलं, "काही वेगळं दिसतंय का?"

"साडी छान आहे," मास्तर वर न बघता म्हणाले.

"चष्मा बदललाय. तीन आठवडे झाले," ती म्हणाली आणि आत गेली. मास्तरांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी लिहिलं, 'पहिला स्पर्श बिघडला आहे. मागे वळून बघण्याची सवय गेली आहे. लोनवर पाठवून नुकसान झाले. मोठ्या संघासाठी तयार नाही.' खाली झोकात सही ठोकली आणि सोमवारी सकाळी नऊ वाजता कागद साहेबाच्या कचेरीत देऊन टाकला.

दुपारी बाराला ते धुलाईच्या खोलीत गेले. ताईंना, म्हणजे खारूताईच्या आईला, आधीच थोडी कल्पना द्यावी असा विचार. ताईंनी त्यांना बोलूच दिलं नाही. ओले हात पदराला पुसले आणि फोन पुढे धरला.

"काल तुम्ही गेला होतात ना? कालचाच फोटो. बघा माझं ध्यान!"

फोटोत खारूताई होती. केस मुलासारखे कानावर कापलेले. गुडघ्याला चिखल, तोंडभर हसू. आणि शर्टावर तीन नंबर.

"वेणी कधी कापली?" मास्तरांच्या तोंडून कसंबसं निघालं.

"झाले की चार महिने. हेडर मारताना मध्ये येते म्हणे. आणि हल्ली मागे खेळते, डाव्या बाजूला. त्यांची पोरगी पाय मोडून बसली, तर ही म्हणाली मी खेळते. पण तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही बघूनच आलात."

काल मास्तरांच्या समोर खारूताई पळत होती, आणि त्यांनी एकदाही तिच्याकडे बघितलं नव्हतं. त्यांनी दुसऱ्याच कुठल्या तरी पोरीकडे बघून तिची वाट लावून ठेवली होती. यादी घेतली असती तर? नुसता चेहरा बघितला असता तर? अकरा वर्षं पाठमोरी ओळखण्याच्या गप्पा, आणि शेवटी ओळखलं काय, तर एक शर्ट आणि एक वेणी!

"होय, बघून आलो," मास्तर म्हणाले. धरणीनं तिथल्या तिथे पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण ती कुणाच्या सोयीनं घेत नाही.

ते थेट कचेरीत गेले. कारकुनाला म्हणाले, सकाळचा कागद जरा परत द्या. तो म्हणाला, साहेबांनी वाचला, चारच्या बैठकीत घेणार आहेत. चूक होती का काही? हीच वेळ होती. कारकून काही जज्ज नव्हता, आपलं हसतमुख पोरगं.

"काही नाही," मास्तर म्हणाले. "एक स्वल्पविराम राहिला होता."

चोवीस वर्षांची इभ्रत त्यांनी त्या क्षणी एका स्वल्पविरामामागे लपवली. नंतर कितीदा तरी त्यांना वाटलं, सगळ्यांत लाज वाटावी ती गोष्ट मैदानावर नाही, इथे घडली. तिथे निदान माहीत तरी नव्हतं.

चार वाजता तिघे बसले. साहेब, मोठ्या संघाच्या प्रशिक्षक बाई आणि मास्तर. साहेबानं अहवाल मोठ्यानं वाचला.

"मी चुकलो, मास्तर," तो म्हणाला. "दोन वर्षं तुम्ही सांगत होतात. पुढच्या हंगामापासून लोन बंद. पोरी वीस वर्षांपर्यंत तुमच्याकडेच राहतील."

ज्या वाक्यासाठी मास्तर दोन वर्षं भांडले होते ते हेच. स्वप्नातसुद्धा त्यांनी ते साहेबाच्या तोंडून इतकं स्वच्छ ऐकलं नव्हतं. आता मात्र ते कानात गरम तेलासारखं उतरत होतं.

"वाईट वाटतं," मोठ्या संघाच्या बाई म्हणाल्या. "मला डाव्या बाजूला मागे एक पोरगी हवीच होती. पण ही तर मधल्या फळीतली, आणि तेही आता धड राहिलं नाही म्हणताय."

मास्तर मूग गिळून बसले. जीभ टाळूला चिकटली म्हणतात ते खोटं, जीभ मोकळीच होती. बोलायला दहा सेकंद लागली असती. पण त्या दहा सेकंदांत अहवाल जाणार, दोन वर्षांचा वाद जाणार, आणि पाठमोरी ओळखणारा मास्तरही जाणार. त्यांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला, प्यायले, खाली ठेवला. तेवढ्यात साहेबानं 'मोकळे करावे' असं लिहून सही केली होती.

"ताईंना तुम्हीच सांगा," साहेब म्हणाला. "तुमच्या तोंडून ऐकलं तर पोरीला कमी लागेल. तुमच्याइतकं तिला कुणी ओळखत नाही."

शिक्षा द्यायची म्हणून साहेब बोलला असता तरी याहून नेमकं त्याला सुचलं नसतं.

धुलाईच्या खोलीत ताई इस्त्री करत होत्या. फोन शेल्फवर ठेवलेला, आवाज मोठा केलेला, पलीकडे खारूताई. मास्तरांची पावलं ऐकून ताई म्हणाल्या, "आले बघ तुझे सर."

"सर!" फोनमधून किंचाळीच आली. "काल भेटला का नाहीत? मी सामना संपल्यावर सगळीकडे शोधलं! घाईत होतात का?"

"हो," मास्तर म्हणाले.

"पण बरं झालं तुम्ही हात केलात. आई, तुला सांगितलं ना? मध्यंतरानंतर मला एकदम सर दिसले, पार पलीकडे सावलीत. मी हात केला, तर सरांनीपण केला! आधी इतकी घाबरत होते, सर, ती जागा माझी नाही ना. तुम्ही हात केलात आणि म्हटलं, आता बास, आता काही होत नाही. मग कशी खेळले बघितलंत ना? शेवटचा पास बघितलात?"

शेवटचा पास पडला तेव्हा मास्तर गाडीत होते.

त्यांनी खोलीतल्या स्टुलाकडे बघितलं. बसावंसं वाटलं, पण बसायची लाज वाटली. उभ्यानंच म्हणाले, "खारे, मी तुला हात केला नव्हता. चहा सांगत होतो."

फोनमध्ये हसू आलं. तिला ती थट्टा वाटली.

"थट्टा नाही करत. मी तुला बघितलंच नाही. सहा नंबरला तूच समजलो. वेणी होती तिची. तिच्यावरनं तुझा अहवाल लिहिला, वाईट लिहिला. आता बैठकीत तो वाचला, तेव्हा मला कळलेलं होतं, तरी मी बोललो नाही. तुला मोकळं केलंय."

इस्त्री एका जागी थांबली होती. जळका वास आला तेव्हा ताईंनी ती उचलली. पोरगी बोलली ती बसलेल्या आवाजात.

"सहा नंबर? सर, ती सोळा वर्षांची आहे. तिचा पहिलाच सामना होता. रडत होती आत." मग म्हणाली, "तिच्याबद्दल पण वाईट लिहून ठेवलंय का कुठे?"

"नाही."

"मग ठीक आहे," खारूताई म्हणाली आणि फोन बंद झाला.

मास्तरांना वाटलं होतं ती रडेल, भांडेल, निदान 'सर, असं कसं केलंत' म्हणेल. तिनं दुसऱ्या पोरीची चौकशी केली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

ताईंनी जळका शर्ट बाजूला टाकला. दुसरा घेतला.

"मास्तर, मी रोज साठ शर्ट धुते," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "नंबर उलटा असला तरी मला सांगता येतं कुठला कोणाचा. कुणी बाही ओढते, कुणी कॉलर चावते. माझा तर कुणाशी संबंधही नाही. तुम्ही तर तिला हाताला धरून नेली होतीत." मग त्या इस्त्री करायला लागल्या. "जा आता. साहेब पाचला निघतो."

पाचला सात मिनिटं कमी होती. मास्तर गुडघा विसरून जिना चढले. साहेब बॅग खांद्याला लावून उभा होता. मास्तरांनी दारातच सगळं ओकलं, एका दमात, काही हातचं न राखता. यादी घेतली नाही ते, चहाचं, अर्धा तास आधी निघाल्याचं, स्वल्पविरामाचं. "बैठकीच्या आधी चार तास मला माहीत होतं. तू 'मी चुकलो' म्हणालास, तेव्हा मला माहीत होतं. तू चुकला नव्हतास."

साहेबानं बॅग खाली ठेवली. खुर्चीत बसला, फाइलमधून कागद काढला, आपल्याच सहीवर आडवी रेघ मारली आणि अहवालाचे दोन तुकडे केले. मोठ्या संघाच्या बाईंना फोन लावला. "येत्या रविवारी तुम्ही स्वतः जाऊन बघा. डाव्या बाजूला, तीन नंबर. नाही, नंबर सोडा, नाव विचारून घ्या." फोन ठेवून तो मास्तरांना म्हणाला, "तुम्ही नका जाऊ."

"नाही जात."

मास्तर वळले. पोरगी वाचली होती, आणि खरं तर त्यांना हलकं वाटायला हवं होतं. दाराच्या कडीला हात लागला तेव्हा मागून आवाज आला.

"मास्तर, माझ्याही वेळी असाच एक कागद होता."

मास्तर थांबले.

"वीस वर्षांचा होतो. एका छोट्या क्लबानं मला लोनवर मागितलं होतं. तुम्ही लिहिलंत, 'अजून कच्चा आहे, वर्षभर माझ्याकडेच राहू द्यावा.' वर्षानं कुणी विचारलं नाही. मग मी खेळायचं सोडलं आणि कचेरीत शिरलो." तो रागावलेला नव्हता. टेबलावरचे कागदाचे तुकडे एकावर एक नीट ठेवत होता. "मला कधी राग आला नाही तुमचा. म्हटलं, मास्तरांनी बघून लिहिलं असणार. एवढंच सांगा. तेव्हा मी कितव्या नंबरचा शर्ट घालायचो?"

'दहा' हा शब्द मास्तरांच्या ओठांवर आयता आला. चोवीस वर्षांची सवय ती, विचारायच्या आत उत्तर तयार. ठोकून दिलं असतं तर कदाचित बरोबरही निघालं असतं. त्यांनी तो शब्द गिळला आणि आठवायचा प्रयत्न केला. मैदान आठवलं, ती जुनी लाल शिट्टी आठवली, पावसानं भिजलेली वही आठवली, रेघेवर ऐटीत उभे असलेले स्वतः आठवले. पळणारी पोरं होती, पण सगळी पाठमोरी, आणि एकाच्याही पाठीवर काही लिहिलेलं दिसेना.

"आठवत नाही," मास्तर म्हणाले.

"अकरा," साहेब म्हणाला. "चार वर्षं अकराच होता."